पितळेचे टोकन आणि बाणांची चित्रे

बँकेतून पैसे काढताना पितळेचे टोकन मिळायचे, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. शाळेत असताना मी वडिलांबरोबर तालुक्याच्या बँकेत जात असे. वडील पासबुक आणि पैसे काढण्याची स्लिप खिडकीतून आत सरकवत. आतला कारकून स्लिपवर टोकनचा नंबर लिही आणि टोकन वडिलांच्या हाती देई. मग ती स्लिप आतल्या आत प्रवासाला निघे. लेजरवरचा कारकून जाडजूड वही उघडून वडिलांच्या पानावर रक्कम नावे टाकी आणि नवी शिल्लक मांडी. ऑफिसर सही ताडून स्लिप 'पास' करी. शिपाई ती कॅशियरच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवी. शेवटी कॅशियर नंबर पुकारी, टोकन परत घेई आणि नोटा मोजून देई. या साऱ्याला वीस मिनिटे लागत, कधी पाऊण तास. टोकन सांभाळण्याचे काम माझ्याकडे असे. मुठीत धरून ते गरम व्हायचे आणि हाताला पितळेचा वास लागायचा.

त्या वीस मिनिटांत एक गोष्ट घडत असे, ती मला फार उशिरा कळली. लेजरमध्ये रक्कम नावे पडल्यापासून कॅशियर नंबर पुकारीपर्यंत ते पैसे वडिलांच्या खात्यात नसत आणि खिशातही नसत. त्या मधल्या अवस्थेत त्यांच्या हक्काचा पुरावा एकच होता, माझ्या मुठीतले ते टोकन.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लोकांनी अशी वाटचाल कागदावर मांडण्यासाठी एक चित्रपद्धती घडवली आहे. तिचे रूढ नाव सीक्वेन्स डायग्राम. तिची एक बहीणही आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो. दोघींना मिळून इंटरॅक्शन डायग्राम म्हणतात. मी माझ्या टिपणवह्यांत तिला 'निरोपचित्र' म्हणतो आणि या लेखातही तेच म्हणेन. मी कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेलो नाही. हिशेबाच्या कामात संगणक आला तेव्हा त्याच्या पोटात काय चालते या कुतूहलापोटी जे वाचले, तेवढीच माझी पुंजी. पण ही चित्रे समजायला कॉलेजची गरज नाही. ज्याने टोकन घेऊन बाकावर वाट पाहिली आहे, त्याला त्यांचा गाभा आधीच ठाऊक आहे.

एक कोरा कागद आडवा धरा. वरच्या कडेला ओळीने चार चौकोन काढा आणि त्यांत लिहा: खातेदार, लेजर कारकून, ऑफिसर, कॅशियर. प्रत्येक चौकोनाखाली कागदाच्या तळापर्यंत तुटक उभी रेघ ओढा. ही त्या पात्राची जीवनरेषा. आता काळ वरून खाली वाहतो असे धरा. खातेदाराच्या रेषेपासून कारकुनाच्या रेषेपर्यंत आडवा बाण काढा आणि त्यावर लिहा 'स्लिप दिली'. त्याच्या थोडे खाली उलट दिशेचा बाण, 'टोकन दिले'. आणखी खाली कारकून ते ऑफिसर, 'पास करा'. मग ऑफिसर ते कॅशियर, 'इतके द्या'. मग कॅशियर ते खातेदार, 'नंबर अमुक'. बाण वरून खाली वाचत गेलात की गोष्ट उलगडते. जो ज्या काळात कामात गुंतलेला आहे, त्याच्या रेषेवर तेवढ्या उंचीची एक अरुंद उभी पट्टी काढायची. एखादे पात्र मधेच संपले तर त्याची रेष तिथे थांबवून फुली मारायची. व्याकरण म्हणावे असे बहुतेक सगळे इतकेच आहे.

शिपायाला मी या चित्रात जागा दिली नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. तो निर्णय मुद्दाम घेतलेला आहे. शिपाई निरोप वाहून नेतो, स्वतः काही ठरवत नाही, म्हणून तो बाणात सामावला. पण वाटेत स्लिप हरवू शकते असा प्रश्न असेल, तर शिपायाला स्वतंत्र रेष द्यावीच लागेल. कोणाला रेष द्यायची आणि कोणाला बाणात दडवायचे, या निवडीतच अर्धे चित्र ठरते. ज्याची चूक होऊ शकते त्याला रेष द्यावी, एवढा साधा नियम मी पाळतो.

आता 'ऑब्जेक्ट' या शब्दाविषयी. प्रोग्रॅम म्हणजे वरून खाली वाचत जाण्याची आज्ञांची यादी, ही जुनी समजूत. १९६० च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी 'सिम्युला' ही भाषा रचली, ती गर्दी, रांगा, वाहतूक यांच्या नकला संगणकात वठवण्यासाठी. तिच्यात प्रोग्रॅमचे तुकडे पात्रांसारखे होते. प्रत्येकाकडे स्वतःची माहिती आणि स्वतःचे वागणे. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात अॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' भाषेत ही कल्पना टोकाला नेली. तिथे एका ऑब्जेक्टला दुसऱ्याच्या पोटात हात घालता येत नाही, फक्त निरोप पाठवता येतो. आपण 'ऑब्जेक्ट' या शब्दावर भर दिला पण खरी गोष्ट निरोपांची होती, अशी खंत के यांनी नंतर बोलून दाखवली आहे. मला ती पटते. बँकेतला कारकून कॅशियरच्या पेटीत हात घालत नाही, चिठ्ठी पाठवतो. बँक चालते ती या शिस्तीवर.

मराठीत 'निरोप' शब्दाला दोन अर्थ आहेत, सांगावा आणि जाण्याची परवानगी. योगायोगाने हा भेद चित्रातल्या बाणांच्या प्रकारांशी जुळतो. एक बाण असा की निरोप पाठवणारा उत्तर येईपर्यंत तिथेच खोळंबून राहतो. जुन्या काळचा ट्रंक कॉल आठवा. बुक करून ठेवायचा आणि टेबलफोन सोडून उठायचे नाही. त्याचे टोक भरीव काळ्या त्रिकोणाचे काढतात. दुसरा बाण पोस्टकार्डासारखा. पेटीत टाकले, निरोप घेतला, आपण आपल्या कामाला मोकळे. त्याचे टोक उघडे, दोन रेघांचे. तिसरा तुटक रेघेचा, परतीचा. रजिस्टर पत्राची पोचपावती. बाणाचे टोक भरीव की उघडे हा कलाकुसरीचा तपशील वाटतो. पण पुष्कळ बिघाडांचे मूळ इथेच असते. एकाने ट्रंक कॉल समजून वाट पाहिली आणि दुसऱ्याने पोस्टकार्ड समजून सावकाश घेतले, की दोघेही आपापल्या जागी बरोबर राहतात आणि काम मात्र अडते.

ही चित्रे संगणकशास्त्राच्या वर्गात जन्मली नाहीत. त्यांचे माहेर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इव्हार याकोबसन हे तरुण इंजिनिअर नव्या पद्धतीच्या एक्स्चेंजच्या रचनेवर काम करत होते. सुटे सुटे घटक एकमेकांना निरोप देत काम करतील अशी मांडणी त्यांनी सुचवली, आणि प्रत्येक तऱ्हेच्या कॉलमध्ये कोणता घटक कोणाला काय सांगतो याची चित्रे काढली. पुढे एरिक्सनची 'अॅक्स' ही एक्स्चेंज प्रणाली या घटकांच्या विचारावर उभी राहिली आणि जगभर विकली गेली.

एक्स्चेंजवाल्यांनाच हे का सुचावे? एका कॉलचा विचार करा. तुम्ही रिसीव्हर उचलता, एक्स्चेंजला ते कळते, ते डायल टोन पाठवते. तुम्ही पहिला आकडा फिरवला की टोन बंद व्हायला हवा. आकडे पुरे झाले की पलीकडची लाइन मोकळी आहे का हे पाहायचे. मोकळी असेल तर तिकडे घंटी आणि इकडे घंटीचा आवाज. नसेल तर इकडे एंगेज टोन. तिकडून उचलला की दोन्ही आवाज बंद, लाइन जोडायची, बिल सुरू. यात बोलणाऱ्याने मधेच फोन ठेवला तर? आकडे अर्धवट सोडून विचार करत बसला तर? दोन गावांच्या एक्स्चेंजनी मधली एकच तार एकाच क्षणी दोन टोकांनी धरली तर? ती तार आपलीच असे दोघांनाही वाटते. एकेका घटकाचे काम कितीही चोख लिहून ठेवले तरी या प्रश्नांची उत्तरे त्यात सापडत नाहीत, कारण बिघाड घटकांच्या मधल्या जागेत असतो. म्हणून ती मधली जागाच कागदावर आणावी लागली. दूरसंचाराच्या जागतिक संघटनेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा चित्रांचे एक प्रमाण ठरवले. त्याचा क्रमांक झेड-१२०.

या चित्राचा एक चुलतभाऊ आणखी जुना आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकात आलेख-पद्धतीवर लिहिलेल्या ग्रंथात पॅरिस ते ल्योन गाड्यांचे वेळापत्रक रेघांत मांडलेले आहे. एका अक्षावर स्थानके, दुसऱ्यावर वेळ, प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. आपल्याकडे रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर अशाच तक्त्यावर गाड्यांच्या रेघा ओढत आले. एकेरी मार्गावर दोन तिरक्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे एखादे स्थानक असायलाच हवे, एरवी त्या बिंदूला अपघात म्हणतात. कोकण रेल्वेने प्रवास करताना आडगावच्या स्थानकात आपली गाडी वीस मिनिटे मुकाट उभी राहते आणि मग समोरून दुसरी धडधडत निघून जाते, ते कोणाच्या तरी तक्त्यावरचे असे एक छेदनस्थान असते.

याकोबसन यांनी १९८७ साली स्वतःची कंपनी काढली आणि १९९२ साली आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. तोवर ऑब्जेक्टची चित्रे काढणारे बरेच पंथ झाले होते. एकाचा वर्ग ढगाच्या आकाराचा, दुसऱ्याचा चौकोनी. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि याकोबसन हे तीन पंथप्रमुख १९९५ पर्यंत रॅशनल नावाच्या एकाच कंपनीत आले आणि त्यांनी चिन्हांची एक समाईक भाषा घडवायला घेतली. तीच यूएमएल. नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी या उद्योगसंघटनेने ती स्वीकारली. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत निरोपचित्राला चौकटी मिळाल्या: 'अमुक असेल तर हे, नाही तर ते' अशी पर्यायाची चौकट, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या भागाची चौकट, एकाच वेळी चालणाऱ्या गोष्टींची चौकट. त्या आवृत्तीत एकूण तेरा तऱ्हेची चित्रे होती. त्यातली बरीचशी मी पाहिली आणि विसरलो. निरोपचित्र मात्र फळ्यावर खडूने काढायलाही सोपे, म्हणून टिकले.

बहिणीबद्दल सांगतो म्हणालो होतो. तिला आधी कोलॅबरेशन डायग्राम म्हणत, आता कम्युनिकेशन डायग्राम म्हणतात. तिच्यात उभ्या रेषा नसतात. पात्रे कागदावर हवी तशी पसरलेली असतात, ज्यांची एकमेकांशी ओळख आहे त्यांच्यात रेघ, आणि रेघेवर निरोप क्रमांकासह लिहिलेले: १, १.१, १.२, मग २. माहिती जवळपास तीच. पण पहिल्या चित्रात 'कधी' डोळ्यांत भरते, दुसऱ्यात 'कोणाचे कोणाशी' हे भरते. एखाद्या पात्राभोवती रेघांचे जाळे झालेले दिसले की समजावे, या माणसावाचून ऑफिसचे पान हलत नाही आणि तो रजेवर गेला की संपलेच. चांगल्या रचनेत असा एकखांबी तंबू नसावा.

चित्र काढण्याऐवजी तालीम करण्याचीही एक रीत आहे. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती १९८९ साली मांडली. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी पोस्टकार्डाएवढे एक कार्ड. त्यावर त्याचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि मदतनीस. कार्डे हातात घेऊन माणसे ती ती भूमिका वठवतात आणि एकमेकांना निरोप देतात. मी ही रीत एका छोट्या पतपेढीच्या लोकांबरोबर करून पाहिली. कॅशियरची भूमिका करणारे गृहस्थ पाचव्या मिनिटाला म्हणाले, "पण मला कोणी सांगितलंच नाही की चेक रद्द झाला." त्यांच्या खऱ्या कामात ती तक्रार वर्षानुवर्षे होती, म्हणे. पण कार्ड हातात येईपर्यंत ती शब्दांत उतरली नव्हती.

आता माझ्या घरच्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला. आईला पेन्शन मिळते. तिचे वय झाले आहे, म्हणून एटीएमपर्यंत मी सोबत जातो, पण बटणे तीच दाबते. तो तिचा हट्ट. एका सकाळी तिने दुसऱ्याच बँकेच्या एटीएमवर दहा हजार मागितले. आत नोटा मोजल्याचा खडखडाट झाला, थांबला, आणि पडद्यावर व्यवहार होऊ शकत नाही अशी सूचना आली. नोटा नाहीत, पावती नाही. आम्ही बाहेर येतो तोच फोन वाजला, खात्यातून दहा हजार वजा झाल्याचा एसएमएस.

आईच्या बँकेत गेलो. समोरचा तरुण अधिकारी नम्र होता. संगणकात पाहून म्हणाला, "काका, आमच्याकडे ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल दिसतंय. आजी पैसे घ्यायला विसरल्या नाहीत ना?" आई काही बोलली नाही. परत येताना रिक्षात म्हणाली, "चाळीस वर्षं शाळेचा हिशेब ठेवला मी."

त्या रात्री मी चित्र काढले. पाच रेषा: आई, एटीएम, एटीएमवाली बँक, मधला स्विच आणि आईची बँक. हा स्विच म्हणजे एनपीसीआय ही संस्था चालवते ते 'नॅशनल फायनान्शियल स्विच', एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालते ते त्याच्यामुळे. मागणीचा बाण एटीएमकडून त्याच्या बँकेकडे, तिथून स्विचकडे, तिथून आईच्या बँकेकडे जातो. आईची बँक शिल्लक पाहते, रक्कम नावे टाकते आणि 'द्या' असे उत्तर पाठवते. ते त्याच वाटेने उलटे एटीएमपर्यंत येते. मग एटीएम नोटा मोजते. नोटा बाहेर पडल्या की गोष्ट संपली. अडकल्या तर एटीएमने आणखी एक निरोप उलट पाठवायचा असतो: 'पैसे दिले नाहीत, नोंद फिरवा.' हा फिरवणीचा निरोप पोहोचला तर रक्कम काही वेळात परत जमा होते. तो वाटेत हरवला, किंवा निघालाच नाही, तर आईच्या बँकेच्या रेषेवर शेवटचा बाण कोणता राहतो? 'द्या.' त्यापुढे काही नाही. काहीच न येणे म्हणजे सगळे ठीक, असे तिथला प्रोग्रॅम धरून चालतो. अधिकारी खोटे बोलत नव्हता. त्याच्या रेषेवरून जेवढे दिसते तेवढे तो सांगत होता. आमची रेष त्याला दिसत नव्हती आणि त्याची आम्हाला.

चित्र पाहता पाहता ते पितळी टोकन आठवले. क्रम तोच होता, आधी नावे टाका, मग नोटा द्या. हा क्रम निसर्गनियम नाही. उलट क्रमाचे चित्रही काढता येईल: आधी नोटा, मग नोंद. तसे केले आणि मधेच तार तुटली तर नुकसान बँकेचे. आजच्या क्रमात तार तुटली तर निस्तरेपर्यंत नुकसान खातेदाराचे. बँका पहिला क्रम का निवडतात हे समजण्यासारखे आहे; अनोळखी माणूस नोटा घेऊन गेला की पुन्हा सापडत नाही, खातेदार मात्र दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर असतो. पण हा निर्णय आहे, आणि तो दोन बाणांच्या वर-खाली असण्यात दडलेला आहे, हे चित्र काढल्याशिवाय मला दिसले नसते. बाणांच्या क्रमाची गंमत म्हणून आणखी एक: कार्ड आत ओढून घेणाऱ्या यंत्रांत नोटा आधी दिल्या तर माणसे नोटा घेऊन चालू पडत आणि कार्ड विसरत. म्हणून आधी कार्ड परत, मग नोटा असा क्रम आला. माणूस ज्या कामासाठी आला ते झाले की त्याचे लक्ष उडते.

टोकनच्या जमान्यात एक सोय होती. मधल्या अवस्थेचा पुरावा खातेदाराच्या मुठीत असे. यंत्राच्या व्यवहारालाही क्रमांक असतो, पाचही रेषांवरून तो एकच फिरतो, पण पावती आली नाही तर तो आपल्या हातात येत नाही.

दहा हजारांचा प्रश्न वेळ आणि मनस्ताप यांवर भागतो. निरोपांचा घोळ जिवावर बेतल्याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे 'थेराक-२५' हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचे यंत्र. कॅनडाच्या एईसीएल कंपनीने ते बनवले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात निदान सहा रुग्णांना त्याने बेसुमार मात्रा दिली. यंत्राच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर. दुसरीत क्ष-किरणांसाठी कितीतरी पटींनी प्रखर झोत, पण त्याच्या वाटेत धातूचे लक्ष्य आणि तीव्रता सारखी पसरवणारा भाग आणून. हे भाग एका फिरत्या चकतीवर बसवलेले होते. टेक्सास राज्यातल्या टायलर गावी मार्च १९८६ मध्ये ऑपरेटरने सवयीने क्ष-किरणांचा 'एक्स' टाइप केला, चूक लक्षात येताच कर्सर वर नेऊन 'ई' केला आणि झरझर पुढे गेली. झोत वळवणारी चुंबके लावायला प्रोग्रॅम सुमारे आठ सेकंद घेत असे, आणि त्या आठ सेकंदांत केलेल्या दुरुस्तीची दखल सगळ्या भागांपर्यंत पोहोचत नव्हती. पडद्यावर 'ई' दिसला. चकती इलेक्ट्रॉनच्या जागी फिरली. झोत मात्र क्ष-किरणांच्या ताकदीचा राहिला. यंत्राने 'मालफंक्शन ५४' एवढेच दाखवले. महिनाभरात तिथेच दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत हेच घडले. दोघेही दगावले.

त्या रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने मिळून तो बिघाड पुन्हा घडवून दाखवला, आणि त्याची किल्ली सापडली ती टाइप करण्याच्या वेगात. सावकाश टाइप केले की काही होत नसे. यंत्र नवे असताना ऑपरेटर सावकाश असतात. सराव झाला की बोटे आठ सेकंदांच्या आत येतात. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा जो सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तो मी दोनदा वाचला आहे. हा प्रोग्रॅम ऑब्जेक्टच्या पद्धतीने लिहिलेला नव्हता, हे सांगायला हवे. पण कळफलक, पडदा, चकती, चुंबके यांना एकेक रेष देऊन चित्र काढले की दिसते: 'बदल झाला, पुन्हा पाहा' असा एक बाण हवा होता, तो नव्हता. आधीच्या थेराक-२० या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही असाच दोष होता. तिथे सुरक्षेची यांत्रिक कडी स्वतंत्र होती, म्हणून नुसता फ्यूज उडे. नव्या यंत्रात ती कडी काढून भरवसा प्रोग्रॅमवर टाकला होता.

चित्र काढले असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. निरोपचित्राची मोठी उणीव हीच आहे की ते एका वेळी एकच गोष्ट सांगते, आणि काढणाऱ्याला सुचलेलीच गोष्ट सांगते. सगळे सुरळीत झाल्याचे देखणे चित्र काढून भिंतीवर लावणारे मी पुष्कळ पाहिले. दुरुस्तीचा आठ सेकंदांचा वेग सुचायला ऑपरेटरशेजारी बसावे लागते. चौकटींनी पर्याय दाखवता येतात, पण चौकटीत चौकट घालत गेले की चित्र लग्नाच्या आहेरयादीसारखे लांबते आणि कोणी वाचत नाही. माझी रीत अशी: सुरळीत गोष्टीचे एक चित्र काढायचे, मग एकेका बाणावर बोट ठेवून विचारायचे, हा पोहोचलाच नाही तर? दोनदा पोहोचला तर? उशिरा पोहोचला तर? जिथे उत्तर अडते, तिथले दुसरे चित्र काढायचे.

कागदाची आणखी एक फसवणूक आहे. मी आईच्या चित्रात एसएमएसचा बाण सगळ्यात खाली काढला होता, खडखडाट थांबल्यानंतर, कारण फोन नंतर वाजला. त्यावरून क्षणभर असे वाटले की यंत्राने नकार दिल्यावर बँकेने पैसे कापले, आणि मी रागाने पत्रात तसे लिहिलेही. मग लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७८ सालचा निबंध आठवला. त्यातली चित्रे दिसायला अशीच, फक्त काळ खालून वर जाणारा. त्यांचे म्हणणे असे की दूरदूरच्या यंत्रांत 'आधी' आणि 'नंतर' यांना आधार फक्त निरोपांचा. एका घटनेपासून दुसरीपर्यंत बाणांच्या साखळीने पोहोचता येत असेल तरच पहिली आधीची. साखळी नसेल तर कागदावरची उंची काही सांगत नाही. एसएमएस बँकेतून निघाला तो रक्कम नावे पडल्यावर. तो फोनवर केव्हा पोहोचला याचा नोटांच्या खडखडाटाशी संबंध नव्हता. ते वाक्य मी पत्रातून काढून टाकले. तक्रारीत एक चुकीचे विधान असले की समोरचा त्यालाच उत्तर देतो.

पत्रात चित्र जोडले आणि एकच मागणी केली: एटीएमवाल्या बँकेकडून त्या दिवसाचा यंत्रातल्या रोकडीचा ताळा आणि यंत्राची स्वतःची नोंदवही मागवा. नोटा बाहेर पडल्या नसतील तर यंत्रात हिशेबापेक्षा दहा हजार जास्त निघालेच पाहिजेत. हा पुरावा आईच्या बँकेच्या रेषेवर कधीच नव्हता, तो दुसऱ्या रेषेवर होता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचाही हवाला दिला. त्यानुसार खाते वजा होऊन एटीएममधून पैसे मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता.

तरुण अधिकाऱ्याने चित्र बराच वेळ पाहिले. फिरवणीच्या बाणावर मी लाल पेन्सिलीने फुली मारली होती. "हा बाण आमच्याकडे आला नाही असं तुमचं म्हणणं," तो म्हणाला. मी म्हटले, "आला नाही एवढंच मला ठाऊक आहे. का आला नाही, ते तुम्ही शोधा." त्याने चित्राची झेरॉक्स काढून घेतली.

व्यवहारानंतर एकोणिसाव्या दिवशी दहा हजार जमा झाले. भरपाई आपोआप आली नाही. आणखी एक पत्र लिहिल्यावर चौदा दिवसांचे चौदाशे रुपये आले. आईने पासबुक भरून आणले, दोन्ही नोंदींसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि मला विचारले, "त्या मुलाने तुझं चित्र परत दिलं का?" मी सांगितले, ते त्यांच्या फाइलला लागले आहे. त्यानंतर ती पैसे काढायला निघाली की पिशवीतून एक छोटी वही घेते, आणि यंत्रासमोर उभे राहण्याआधी तारीख, वेळ आणि यंत्रावर लिहिलेला क्रमांक त्यात टिपून ठेवते.